मेन रिले बदलण्याआधी करंट मोजा

सेल्फ जोरात फिरतो, टाकीत डिझेल आहे, बॅटरी नवी आहे, तरी इंजिन पकडत नाही. दुधाचे कॅन भरलेली पिकअप पहाटे दारातच अडकते. किंवा श्रीरामपूरच्या मार्केटला कांदा घेऊन निघालेली गाडी वाटेत एकदम बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर आपोआप सुरू होते आणि चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार करते. बेलापूर, उक्कलगाव, पढेगाव या प्रवरेकाठच्या पट्ट्यात ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे. आधी बॅटरी बदलून होते, मग डिझेल फिल्टर. मग कोणीतरी पंपाकडे बोट दाखवतो, आणि शेवटी ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच गेला, असा निकाल लागतो. ईसीएमचा खर्च हजारोंच्या घरात असतो. गाडी टो करून नगरला न्यायची वेळ आली तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाचे भाडे दोन्ही जाते. इतके सगळे झाल्यावर बिघाड कधी कधी काही शे रुपयांच्या एका काळ्या डबीत सापडतो. तिचे नाव मेन रिले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हल्ली रिलेची माहिती सगळ्यांना झाली आहे, त्यामुळे ‘रिले टाकून बघू’ हा पहिला उपाय होऊन बसला आहे. नवी रिले बसते, गाडी सुरू होते, आठ दिवसांनी पुन्हा बंद पडते. कारण दोष रिलेत नव्हताच, तो रिलेच्या सॉकेटमध्ये किंवा अर्थच्या बोल्टवर होता. ईसीएमवर आळ घेणारा आणि रिलेवर आळ घेणारा, दोघेही एकच गोष्ट करत नाहीत: गाडीवर लोड असताना करंट कुठपर्यंत पोहोचतो ते मोजत नाहीत. हे मोजणे अवघड नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, वायर जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि फ्यूज असलेली वायरची एक पट्टी एवढे सामान पुरते. ज्याला फ्यूज बदलता येतो त्याला यातले बरेचसे घरी करता येईल. जे करता येणार नाही, ते मेकॅनिककडून नीट करून घेता येईल.

हे कोणत्या गाड्यांना लागू आहे ते आधी पाहू. कॉमन रेल डिझेल असलेल्या सर्व गाड्या आणि इंजेक्शनवाल्या सर्व पेट्रोल गाड्या यात येतात. १ एप्रिल २०२० नंतर विकलेली बीएस-६ ची प्रत्येक गाडी यात धरा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीला इंजिन चालवायला कॉम्प्युटर लागत नाही. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला करंट मिळाला की ती चालते, म्हणून तिची तपासणी वेगळी. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून त्याच जातीचे आहेत. पण ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे नवे उत्सर्जन नियम लागू झाले, आणि तेव्हापासून मोठ्या ट्रॅक्टरमध्येही ईसीएम, सेन्सर आणि मेन रिले आले. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला असा ट्रॅक्टर गळीत हंगामात कारखान्याच्या रांगेत बंद पडला, तर जुन्या सवयीने पाइप सैल करून ‘डिझेल येतंय का’ पाहण्याचा मोह होतो. तो टाळा. कॉमन रेलच्या पाइपमध्ये हजार बारच्या वर दाब असू शकतो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, आणि हात वाचवायला शस्त्रक्रिया करावी लागते. विजेची तपासणी आधी करायची, याचे हेही एक कारण आहे.

आता ही डबी करते काय? प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी चाक फिरवतो तेव्हा त्याच्या हाताची ताकद थोडी लागते, पण गेटमधून जाणारे पाणी शेकडो एकर भिजवते. रिले हेच काम विजेत करते. आत तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते, त्याला कॉइल म्हणतात. कॉइलमधून साधारण पाव अँपिअरहूनही कमी करंट गेला की ती चुंबक बनते, पत्तीला ओढते, आणि जाड पॉइंट एकमेकांना चिकटून पंधरा-वीस-तीस अँपिअरचा रस्ता खुला होतो. चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ हे कॉइलचे दोन पाय, ३० हा बॅटरीकडून येणाऱ्या करंटचा आणि ८७ हा पुढे जाणाऱ्या करंटचा पाय. पाचवा पाय ८७ए असेल तर रिले बंद असताना ३० त्याच्याशी जोडलेला असतो. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि आज जवळजवळ सगळ्या कंपन्या तेच वापरतात, त्यामुळे एकदा लक्षात ठेवले की कोणत्याही गाडीत उपयोगी पडतात.

मेन रिलेचे वैशिष्ट्य असे की बहुतेक गाड्यांत तिला खुद्द ईसीएम हुकूम देतो. चावी ऑन केली की इग्निशन स्विचकडून ईसीएमला इशारा जातो. ईसीएम रिलेच्या ८५ नंबरच्या पायाला अर्थ देतो, रिले ओढली जाते आणि ८७ वरून ईसीएमचा मुख्य सप्लाय, इंजेक्टर, सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह अशा सगळ्यांना करंट मिळतो. चावी बंद केल्यावरही ईसीएम काही सेकंद, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ, रिले धरून ठेवतो, कारण त्याला शिकलेली मापे साठवायची असतात. म्हणून इंजिन बंद करताच बॅटरीची वायर काढू नका, एखादे मिनिट जाऊ द्या. घाई केली तर काही गाड्यांत पी ०६८ए असा बिघाडाचा कोड साठतो, म्हणजे रिले वेळेआधी सुटली, आणि मग नसलेल्या बिघाडाच्या मागे माणूस लागतो.

बॉनेट उघडण्याआधी डॅशबोर्डकडे बघा. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? ज्या गाड्यांत हा दिवा थेट ईसीएमच्या वायरवर आहे, तिथे ईसीएमला सप्लाय नसेल तर दिवा अंधारातच राहतो. सेल्फ फिरतोय आणि चेक लाइट अजिबात लागत नाही ही मेन रिलेच्या बिघाडाची सर्वांत बोलकी खूण आहे. नव्या गाड्यांत डॅशबोर्ड आणि ईसीएम डेटा वायरवर बोलतात. तिथे ईसीएम गप्प झाला की उलट बरेच दिवे एकदम लागतात आणि आरपीएमचा काटा सेल्फ मारतानाही शून्यावरच राहतो. चेक लाइट नेहमीसारखा लागून मालवला आणि तरी इंजिन पकडत नसेल, तर ईसीएम जिवंत आहे. मग मेन रिलेवर वेळ घालवू नका. इमोबिलायझरचा दिवा, इंधन आणि क्रँक सेन्सर यांकडे वळा.

स्कॅनर लावला तर तो ईसीएमशी बोलतो का हेच पहिले उत्तर. एबीएस, मीटर अशी बाकीची मोड्यूल दिसतात आणि फक्त इंजिनचे दिसत नाही, तर संशय सप्लाय, अर्थ किंवा डेटा वायरवर. स्कॅनरच चालू होत नसेल तर तो जिथे जोडतात त्या ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला करंट नाही. तो फ्यूज बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या एखाद्या सर्किटशी वाटून घेतलेला असतो, आधी तो बघा. कोड निघालेच तर पी ०६८५ ते पी ०६९० हा गट मेन रिलेचा. त्यातले पहिले तीन, ०६८५, ०६८६ आणि ०६८७, कॉइलच्या बाजूचे आहेत, म्हणजे ईसीएमच्या हुकमाची वायर तुटलेली, अर्थला लागलेली किंवा प्लसला लागलेली. पुढचे तीन, ०६८८ ते ०६९०, पॉइंटच्या बाजूचे, म्हणजे रिलेकडून ईसीएमपर्यंत पोहोचलेला करंट. ०६८९ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी व्होल्ट येतात. ०६९० म्हणजे जास्त येतात किंवा नको तेव्हाही येतात. रिलेचे पॉइंट चिकटलेले असले किंवा मधे कोणी डायरेक्ट वायर मारून ठेवली असली तरी हाच कोड येऊ शकतो. कोड हा निकाल नव्हे. ‘०६८५ आला, रिले बदला’ असे सांगणाऱ्याला विचारा की ८५ नंबरवर अर्थ येतो का ते तपासले का.

बॅटरीची खात्री मात्र आधीच करून घ्या, कारण ती कमकुवत असेल तर पुढचे सगळे आकडे फसवे येतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतील तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ फिरत असताना व्होल्ट ९.६ च्या खाली जाऊ नयेत. गेले तर रिले ओढली जाते, सुटते, पुन्हा ओढली जाते आणि तिचा तडतड आवाज येतो. ही तडतड ऐकून लोक रिले बदलतात, प्रत्यक्षात ती बॅटरीची किंवा टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या थराची तक्रार असते.

आता रिले शोधा. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, नाहीतर मालकाच्या पुस्तिकेत. वेगवेगळ्या कंपन्या तिला मेन रिले, ईसीएम रिले, ईएमएस रिले अशी नावे देतात. फ्यूएल पंपाची रिले वेगळी असते. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो तो तिच्यामुळे, या दोघींची गल्लत करू नका. रिले काढण्याआधी तिचे ऑन-ऑफ बोटाने जाणवते का पाहा: एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने रिलेवर बोट ठेवायचे. टिक जाणवली तर कॉइलची बाजू बहुतेक ठीक आहे. पण टिक वाजली म्हणजे रिले चांगली, असे मुळीच नाही. पत्ती ओढली जाते आणि जळालेल्या पॉइंटमधून करंट जात नाही, असे सर्रास होते.

याचे मोठे उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये निस्सानने जगभरातल्या वीस लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या याच ईसीएम रिलेसाठी. जवळच्या सिलिकॉनची वाफ रिलेत शिरत होती, पॉइंटवर उडणाऱ्या ठिणगीने तिचा सिलिकॉन ऑक्साइड बनत होता, आणि करंट न वाहणारा हा थर पॉइंटवर बसत होता. गाडी सुरू न होणे किंवा चालताना बंद पडणे हा त्याचा परिणाम. त्यातून आपल्यापुरती एक व्यवहाराची गोष्ट घ्या: फ्यूज बॉक्समध्ये पाणी जाऊ नये म्हणून काही जण रिलेभोवती सिलिकॉनची ट्यूब भरतात, ते करू नका. बॉक्सची मूळ रबर पट्टी आणि झाकणाच्या खिट्ट्या धड ठेवा, तेवढे पुरते.

शेजारच्या हॉर्नची किंवा फॅनची रिले काढून इथे लावून पाहणे ही पटकन करता येणारी तपासणी आहे, पण ती दोन ठिकाणी फसवते. एक, दोन रिले दिसायला सारख्या असल्या तरी पायांची रचना वेगळी असू शकते. बाजारात ३० आणि ८६ यांच्या जागा अदलाबदल केलेल्या दोन प्रकारच्या रिले मिळतात. म्हणून अंगावरचे चित्र आणि पार्ट नंबर दोन्ही जुळले तरच अदलाबदल करा. दुसरी फसगत जास्त महत्त्वाची आहे. रिले काढून पुन्हा खोचली की सॉकेटमधल्या पत्त्या घासल्या जातात आणि काळा थर निघतो. त्या घासण्यानेच गाडी सुरू होते, आणि श्रेय नव्या रिलेला मिळते. तेव्हा दुसऱ्या रिलेने गाडी सुरू झाली तर तिथे थांबू नका, जुनी रिले परत लावा. तिनेही गाडी सुरू झाली तर रिले निर्दोष, दोष सॉकेटमध्ये. ही एक पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि परत आलेल्या तक्रारींचा मोठा वाटा तिथूनच येतो असे माझे ठाम मत आहे.

सॉकेट तपासताना रिले बाहेर काढा. मल्टीमीटरची जाड सुई सॉकेटच्या पत्तीत कोंबू नका. पत्ती एकदा फाकली की कोणतीही रिले सैल बसणार. रिलेच्या पायाएवढी पितळी पत्ती किंवा बारीक पिन वापरा. आधी ३० नंबर: २१ वॅटच्या बल्बची एक वायर तिथे, दुसरी बॅटरीच्या मायनसला. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मल्टीमीटरला १२ व्होल्ट दिसतात आणि बल्ब मात्र मिणमिणतो, तर वायर आतून सडली आहे किंवा फ्यूजचा होल्डर जळाला आहे. मीटर जवळजवळ करंट खेचतच नाही, म्हणून एका तंतूवर लटकलेली वायरही त्याला चांगलीच दिसते. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे खोटे उघडे पडते.

८६ नंबरला काही गाड्यांत कायम प्लस असतो, काहींत चावी ऑन केल्यावरच येतो. मल्टीमीटर मायनसला लावून दोन्ही स्थितीत पाहा. मग ८५: मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी ८५ ला, आणि मदतनिसाला चावी ऑन करायला सांगा. बॅटरीएवढे व्होल्ट दिसले तर ईसीएम अर्थ देतो आहे. इथे बल्ब कधीही लावू नका. ही वायर थेट ईसीएमच्या आतल्या नाजूक ट्रान्झिस्टरला जाते आणि बल्बचा करंट त्याला जाळू शकतो. सेन्सरच्या वायरींनाही हाच नियम. ८५ वर अर्थ येत नसेल तरी ईसीएमला लगेच बाद करू नका. त्याला चावी ऑन झाल्याचा इशारा पोहोचतो का, त्याचा कायमचा प्लस आणि अर्थ शाबूत आहेत का, हे आधी पाहायचे. झिजलेल्या इग्निशन स्विचमुळे किंवा दहा अँपिअरचा एक फ्यूज उडाल्यामुळे ईसीएमला चावी फिरल्याचे कळतच नाही, आणि तो बिचारा विनाकारण बदलला जातो. काही साध्या गाड्यांत ८५ थेट बॉडीला अर्थ असतो आणि ८६ चावीवरून येतो. म्हणून ज्याच्याकडे त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा आहे असा इलेक्ट्रिशियन निवडणे फायद्याचे.

राहिला ८७. चावी बंद ठेवून फ्यूज लावलेल्या वायरने ३० आणि ८७ जोडा, फ्यूज मूळ सर्किटच्या फ्यूजएवढाच. फ्यूज उडाला तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे. तसे असताना नवी रिले टाकणे म्हणजे तिचेही पॉइंट जाळणे. फ्यूज टिकला तर चावी ऑन करून सेल्फ मारा. इंजिन सुरू झाले तर ८७ च्या पुढचे सगळे ठीक, दोष रिलेत किंवा तिच्या हुकमाच्या बाजूला. ही वायर तपासणी संपताच काढायची. ‘डायरेक्ट करून दिलंय, आता कधी बंद पडणार नाही’ असे म्हणून ती तशीच ठेवणारे आहेत, आणि ते गाडीमालकाचे नुकसान करतात. ईसीएमचा सप्लाय कधीच तुटत नाही, बॅटरी रात्रीत बसते, आणि फ्यूज न लावलेली तार असेल तर शॉर्टमध्ये वायरिंग पेटू शकते. फ्यूएल पंपाच्या रिलेच्या बाबतीत तर अपघातानंतर पंप आपोआप बंद होण्याची सोयच त्यामुळे निघून जाते.

आता हातातल्या रिलेकडे वळू. १२ व्होल्टच्या रिलेत ८५ आणि ८६ च्या मध्ये साधारण ६० ते १०० ओम दिसतात, मोठ्या ट्रकच्या २४ व्होल्टच्या रिलेत सुमारे २५० ते ३५०. अनंत दाखवले तर कॉइल तुटली, दोन-चार ओम दाखवले तर जळून आतल्या आत चिकटली. काही रिलेत कॉइलशेजारी डायोड असतो आणि अंगावरच्या चित्रात तो दाखवलेला असतो. तिला ८६ वर प्लस आणि ८५ वर मायनस असाच करंट द्यायचा. उलटा दिला तर डायोड जळतो. मग लोडची परीक्षा: कॉइलला बॅटरीचा करंट देऊन रिले ओढू द्या, ३० वर प्लस द्या, आणि ८७ वर हेडलाइटचा जुना बल्ब दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून लावा. ५५ आणि ६० वॅट मिळून साडेनऊ अँपिअरच्या आसपास करंट जातो. बल्ब पेटलेला असताना मीटर व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन सुया ३० आणि ८७ वर ठेवा. चांगल्या रिलेत ०.१ व्होल्टच्या आतबाहेर दिसते. ०.२ च्या वर गेले तर पॉइंट खराब होत चालले आहेत, अर्धा व्होल्ट दिसला तर ती रिले फेका. नुसत्या ओमच्या मापाने हे कळत नाही. पॉइंट पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरायचा सल्ला मिळेल, पण घासल्याने वरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर जातो आणि पॉइंट लवकर जळतात. एवढ्या स्वस्त वस्तूसाठी तो धोका घेऊ नये.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी सगळ्यांत जास्त दमवते, कारण मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत ती ठणठणीत झालेली असते. यामागे दोन कारणे असतात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला ८० ओमची कॉइल इंजिनाशेजारी १०० अंशापर्यंत तापली की १०५ ओमची होते, तिचा करंट घटतो, चुंबक कमजोर पडतो. चांगल्या रिलेत एवढी गुंजाइश ठेवलेली असते. हलक्या प्रतीच्या रिलेत नसते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती उघडी पडते. दुसरे कारण सोल्डरचे. १९९० च्या दशकातल्या होंडाच्या सिव्हिक, अॅकॉर्ड गाड्यांची मेन रिले या दोषासाठी जगभरच्या मेकॅनिकना माहीत आहे: आतल्या सोल्डरच्या जोडाला बारीक गोल तडा जायचा, उन्हात उभी केलेली गाडी सुरू व्हायची नाही आणि संध्याकाळी व्हायची. अशा रिलेची परीक्षा गरम करूनच घ्यावी लागते. वरची बल्बची जोडणी तशीच ठेवून केस सुकवायच्या ड्रायरने रिले हात लावता येणार नाही इतकी तापवा आणि कॉइलचा करंट काढून-लावून पाहा. बल्ब एकदा जरी अडखळला तरी दोषी सापडला.

रिले निर्दोष ठरली तर वायरिंग आणि अर्थ. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून ईसीएमच्या सप्लायपर्यंत किती व्होल्ट गळतात ते मोजा, अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. मग बॅटरीच्या मायनसपासून ईसीएमच्या अर्थपर्यंत, इथे ०.२ च्या वर गेले तर अर्थचा बोल्ट काढून गंज आणि रंग घासा, तो कसून परत लावा. वायरला सुई टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तांबे आतून हिरवे पडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजता येते.

आपल्या भागात वायरिंग बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. उसाच्या फडाशेजारी किंवा कांदा चाळीजवळ गाडी रात्री उभी राहते, उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि हार्नेस कुरतडतात. सर्व्हिसिंगला प्रेशरचा फवारा थेट फ्यूज बॉक्सवर मारला जातो. आणि सगळ्यांत जास्त त्रास देतात ती वरून जोडलेली कामे: जादा हेडलाइट, मोठा हॉर्न, टेप, जीपीएस. या सगळ्यांना जिथे प्लस दिसेल तिथून, कधी कधी मेन रिलेच्याच ८७ वरून, वायर सोलून करंट घेतलेला असतो. वीस अँपिअरच्या पॉइंटवर तीस अँपिअर टाकले की पॉइंट जळणारच. तुमची रिले वर्षात दुसऱ्यांदा गेली असेल तर तिसरी आणण्याआधी या जोडण्या बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र रिले देऊन वेगळ्या करून घ्या.

रिले विकत घेताना जुनी बरोबर न्या. व्होल्ट, अँपिअर, पायांचे चित्र, आत डायोड आहे की रेझिस्टर, हे चारही जुळले पाहिजे. काही गाड्यांत रिले फ्यूज बॉक्सच्या छापील पट्टीवर कायमची सोल्डर केलेली असते. तिथे पूर्ण बॉक्स बदलावा लागतो किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या चांगल्या कारागिराकडून नवी रिले सोल्डर करून घ्यावी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर बॉक्स उघडण्याआधी वर्कशॉपला फोन करा आणि फोटो काढून ठेवा.

चालत्या गाडीत रिले सुटली तर स्टेअरिंग जड होते आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक वारंवार मारू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी डाव्या बाजूला घ्या. नगर-मनमाड रस्त्यावर हंगामात रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या मागून येत असतात, म्हणून रिफ्लेक्टरचा त्रिकोण आधी मागे ठेवायचा आणि बॉनेट नंतर उघडायचे. बंद पडते आणि आपोआप सुरू होते अशी गाडी तपासणी होईपर्यंत दुधाच्या किंवा शाळेच्या फेरीला लावू नये.

काम झाल्यावर कोड पुसा, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. चावी बंद केल्यावर ८७ नंबरचा करंट थोड्या वेळाने तुटतो का हेही पाहा. पाच-दहा मिनिटांनीही तो तिथेच असेल तर रिले चिकटते आहे किंवा ईसीएमला चावी बंद झाल्याचे कळत नाही, आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळेल. मोजलेले आकडे, तारीख आणि रिलेचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला तपासणी तिथून पुढे सुरू करता येईल.